सोमाजींच्या अंगणात क्रेओल मटण

मुलगी पाहायला जायचं ते तिच्या हातचे पोहे तपासायला नव्हे, तर आपण रांधून तिला खाऊ घालायला, हे वारलूनं एका सकाळी दाढी करता करता ठरवलं. विचार वस्तऱ्यापाशीच थांबला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण वारलू त्रिनिदादला शेतकी शिकून नुकताच परतला होता, आणि इतक्या लांबून शिकून आलेला माणूस आपला विचार गालावर सोडून देत नाही.

तीन वर्षांत तो तिथे दोन गोष्टी शिकला होता. पहिली ऊस. (गडचिरोलीच्या धानपट्ट्यात त्याबद्दल त्याला अजून कोणी काही विचारलं नव्हतं.) दुसरी म्हणजे घरमालकीण बाईंचं मटण. आफ्रिकन, फ्रेंच, स्पॅनिश असं नाना देशींचं रक्त मिसळून तिथे जे लोक झाले, त्यांना क्रेओल म्हणतात. बाई त्यांतल्या. त्या तेलात साखर पार काळी होईपर्यंत जाळायच्या, त्यात लिंबू-कांद्यात मुरवलेलं मटण टाकायच्या आणि झाकण ठेवून मंद आचेवर तास न् तास शिजू द्यायच्या. पाणी जवळजवळ नाहीच. त्या मटणाच्या पहिल्या घासाला वारलूला विश्वबंधुत्वाचा साक्षात्कार झाला. दुसरा घास घेताना त्यानं ठरवलं, की हे आपल्या देशात न्यायचं.

"आई, उद्या मी घरी मटण करतो," तो म्हणाला.

"कोनाच्या घरी?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"आपल्या."

"तुह्या बापाच्या गळ्यात तुळशीमाळ हाये. मटण कराचं त दूरच, नुसतं म्हणाचं असन त वाडीत जाऊन म्हण."

"मग मी सोमाजींच्या घरी जाऊन करतो. ते खातात."

"पाहुणा मानूस जाऊन रांधते काय रे?"

"पाहुणा आणि घरचा हा भेद आता उरणार नाही, आई. देश बदलून राहिला आहे!"

"बदलू दे बापा. जेवाच्या टायमाले नको बदलू म्हणा."

सोमाजी म्हणजे वैनगंगेपलीकडच्या सावली गावचे शेतकरी. त्यांची एकुलती एक मुलगी वच्छला तिथल्याच शाळेत मास्तरीण होती. दोन्ही घरची बोलणी होत आली होती; पोरा-पोरीनं एकमेकांना पसंत करायचं तेवढं राहिलं होतं. वारलूनं तिला महिन्यापूर्वी बाजारात पाहिलं होतं. एका कापडवाल्याचा गज दोन बोटं आखूड आहे, हे ती शाळेतल्या फूटपट्टीनं त्याला चारचौघांत सिद्ध करून दाखवत होती. त्या दिवसापासून वारलूला रात्रीचं जेवण कमी जात होतं. नागपूरला शेतकी खात्यात त्याची जागा ठरलेली होती. दोन खोल्यांचं क्वार्टर, विजेचा दिवा, त्या दिव्याखाली वच्छला पुस्तक वाचते आहे आणि आपण झाकण उचलून मटण पाहतो आहोत, असं चित्र त्यानं मनात टांगून ठेवलं होतं. आता तिनं 'हो' म्हटलं की चित्राला खिळा मिळणार होता.

तो सायकलीला बाईंनी दिलेला लोखंडी गंज, म्हणजे जाड बुडाचं मोठं पातेलं, बांधून निघाला. हा गंज बोटीनं समुद्र ओलांडून आला होता; आता डोंग्यानं वैनगंगा ओलांडली. सावलीत खाटकाकडून दोन शेर मटण घेऊन वारलू सोमाजींच्या अंगणात उतरला. सोमाजी बाजेवर बसून अंबाडीचा दोर वळत होते.

"मामाजी, आज मटण मी करणार."

दोर वळता वळता सोमाजींचे हात थांबले. "तू?"

"मीच."

"इथी? माह्या अंगणात?"

"तुमच्याच अंगणात, तुमच्याच चुलीवर."

"बापानं सांगतलं, का आपल्या मनानं?"

"अगदी माझ्या मनानं! बाबांना तर विचारलंसुद्धा नाही."

सोमाजींनी बायकोकडे पाहिलं. धुरपताबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे डोळे भरून आलेले वारलूनं स्वतः पाहिले. पुरुषानं चूल पेटवावी या साध्या विचाराला खेड्यातली जुनी माणसं इतकी हलतील, असं त्याला वाटलं नव्हतं. शहरातले लोक उगाच खेड्याला मागासलेलं म्हणतात!

"मंग लाकडं फोडा लागन," सोमाजी म्हणाले.

वारलूनं लाकडं फोडली. वैशाखाच्या उन्हात. मग विहिरीवरून सहा घागरी पाणी आणलं. मटणाला पाणी जवळजवळ लागत नाही हे त्याला ठाऊक होतं, पण धुरपताबाई रिकाम्या घागरी पुढे ठेवत गेल्या आणि आदर्शवादी माणसाला रिकामी घागर पाहवत नाही.

तोवर बातमी फिरली. शेजारचे पोचूबुवा येऊन वारलूच्या दंडाकडे बघत उभे राहिले.

"नांगर धरता येते का जी?"

"येतो तर! शेतकीच शिकलो आहे."

"धानाच्या रोवणीले चिखलात उतरता?"

"श्रमाची लाज ज्याला वाटते तो माणूसच नव्हे, बुवा!"

"दमा-खोकला काही?"

"नाही."

पोचूबुवांनी सोमाजींकडे पाहून मान हलवली. बैल पसंत पडल्यावर बाजारात हलवतात तशी. आणखी चार माणसं जमली. आता ऐकणारे होते, म्हणून वारलू बोलला. शिकलेले सगळे शहराकडे पळतात, क्वार्टरला आणि विजेच्या दिव्याला भुलतात. आज देशाला गरज आहे ती खेड्यात येऊन मातीत राबणाऱ्या तरुणांची. तो पाऊण तास बोलला. कांदे चिरून झाले होते, त्यामुळे डोळ्यांत पाणीही योग्य वेळी आलं. वच्छला ओसरीवर पोरींच्या पाट्या तपासत होती. तिनं दोनदा वर पाहिलं. (वारलूनं मोजलं.)

मग त्यानं गंज चढवला, तेल तापवलं आणि पावशेर साखर त्यात ओतली.

धुरपताबाईंच्या घरी साखर पाहुण्यांच्या चहापुरती यायची आणि फडताळात कुलपाखाली राहायची. इथे ती डोळ्यांदेखत पिवळी झाली, मग लाल, मग तपकिरी.

"जावईबापू, साखर जळून राह्यली!"

"जळू द्या. जाळायचीच आहे."

"अवो, काळी झाली! धूर निंगून राह्यला! धावा वो कोनी!"

आणि वारलू 'हां हां' म्हणेपर्यंत त्या माउलीनं लोटाभर पाणी गंजात ओतलं.

पुढचं क्षणभर कोणालाच दिसलं नाही. तेल चुलीबाहेर उसळलं, जाळ अंगणातल्या मांडवाच्या वाळल्या पाल्यापर्यंत गेला, पोचूबुवांनी म्हातारपण विसरून कुंपणावरून उडी मारली. धूर ओसरला तेव्हा वारलूच्या मिशीची डावी बाजू कमी झाली होती. मांडव मात्र वाचला, कारण घागरी भरलेल्या होत्या.

साखर संपली होती. वारलूनं गूळ मागितला. गूळ तेलात विरघळला, फेसाळला आणि एकदम डांबर झाला. त्यात मटण पडलं. झाकण बसलं.

"आता तीन तास कोणी हात लावायचा नाही."

"रस्सा?" सोमाजींनी विचारलं.

"याला रस्सा नसतो."

"मंग भात कशानं ओला कराचा?"

या प्रश्नाचं उत्तर त्रिनिदादला कोणी शिकवलं नव्हतं. खाटकानं पाहुणा ओळखून बकराही आजोबाच्या वयाचा दिला होता. तिनाचे चार तास झाले, चाराचे पाच. पोचूबुवा मटणाला थंडी वाजत असावी तशा काळजीनं चुलीत लाकूड सारत होते. वारलू ते बाहेर ओढायचा, पाठ फिरली की बुवा आत सारायचे.

शेवटी पानं मांडली. मटण वरून चिवट, मधून गोड आणि खालून कोळसा होतं. पोचूबुवांनी एक तुकडा बराच वेळ या गालातून त्या गालात फिरवला आणि 'औषधी असन' म्हणत पानाखाली ठेवला. सोमाजींनी मात्र शांतपणे पान संपवलं, हात धुतला आणि म्हणाले,

"पसंत हाये. सैपाक राहू दे, तो बायका करतीन. तू वावर पाहा. मृगाआधी बांध घालाचे हायेत."

"कोणाच्या वावराचे?" वारलूनं विचारलं.

"आपल्या. आता तू घरजावई झाला न."

वारलूच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "मी? कधी?"

"सकाळीच त झाला. आमच्यात मटण अंगणातच शिजते, आन ते घरचा मानूसच शिजवते. पोरगा, नाई त घरजावई. पाहुण्याले आमी त्या चुलीजवळ फिरकू देत नाई. तू आपल्या तोंडानं चूल मांगतली, लाकडं फोडली, पानी भरलं, पाच मानसाईनं पाह्यलं. तुह्या बापाले अजून तीन पोरं हायेत. मले एकही नाई."

तुळशीमाळेच्या घरात वाढलेल्या वारलूला मटणाची रीत सांगणार कोण?

"पण… मला तर नागपूरला जायचंय! नोकरी आहे. क्वार्टर आहे. विजेचा दिवा…"

ओसरीवरून वच्छला उठून आली. कापडवाल्यासमोर उभी होती तशीच उभी राहिली.

"मघाशी तुमी पाऊण तास बोलले. शिकलेल्यानं खेड्यात राहाचं म्हणून. ते कोनासाठी होतं?"

वारलूनं बरंच आठवून पाहिलं. मग खरं तेच तोंडातून निसटलं.

"इतरांसाठी."

अंगण हसलं. कुंपणापलीकडचे लोकही हसले. वच्छला हसली नाही, आणि तेच वारलूला लागलं.

"माही शाळा इथी हाये," ती म्हणाली. "माय-बाप इथी हायेत. मले गाव सोडाचं नाई. तुमी बोलले तसं वागत असान त माहं हो हाये. नाई त उजेड हाये तवरच नदी उतरून जा. राग नाई."

वारलूनं सायकलीकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. मनातला तो विजेचा दिवा एकदा लुकलुकला आणि गेला.

"राहतो," तो म्हणाला. आवाज हवा तितका तेजस्वी निघाला नाही, पण निघाला.

धुरपताबाईंनी त्याच्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. सोमाजींनी दोर पुन्हा हातात घेतला. वच्छला पाट्यांकडे वळली, आणि वळता वळता एकदाची हसली. वारलूला वाटलं, आता काहीतरी बोलावं. नव्या आयुष्याबद्दल, दोन मनांबद्दल, देशाबद्दल. त्यानं घसा साफ केला.

"बापू," धुरपताबाई म्हणाल्या, "आंधी तो गंज घासून आना."

वारलू विहिरीवर राख घेऊन बसला; लक्ष ठेवायला धुरपताबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. पाणी भरायला आलेली गुणाबाई घागर टेकवून थांबली.

"धुरपताबाई, हा कोन वो?"

"आमचा जावई. साता समुद्रापल्याड शिकून आला. तीन वरस!"

गुणाबाईनं वाकून गंजात पाहिलं. वारलूकडे पाहिलं. पुन्हा गंजात पाहिलं.

"अजून एक वरस राहू द्याचं होतं वो," ती म्हणाली. "बूड घासाचं राह्यलं."