येसाजीरावांचे वकील

गुंजाळ सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांची अर्धीच दाढी झालेली होती. डावा गाल गुळगुळीत, उजव्या गालावर वाळलेला साबण. तशाच अवतारात त्यांनी दिवसभर शाळेत भूगोल शिकवला आणि संध्याकाळी मेथीची जुडी घेऊन घरी आले. मला वाटलं, झालं, घरमालक वेडा मिळाला.

भानगड एवढीच होती, की दाढी करता करता रामभाऊ न्हाव्याच्या तोंडून "फितुऱ्या येसू" असं निघालं होतं. सर ताडकन उठले. "येसाजीराव म्हण, नाहीतर वस्तरा खाली ठेव." रामभाऊनं वस्तरा खाली ठेवला.

जामखेड तालुक्यातल्या त्या गावात मी नर्स म्हणून नवीनच आले होते. सरांच्या घराची पुढची खोली मला भाड्यानं मिळाली. सर मूळचे पारनेरकडचे, नोकरीपायी आले आणि इथलेच होऊन गेले. बायको मी येण्याआधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. घरात ते आणि येसाजीराव.

येसाजीराव जाऊन पिढ्या लोटल्या होत्या. गावाबाहेर पडकी गढी होती, तिचा तो दरवान. गढीला वेढा पडला तेव्हा त्यानं पैसे खाऊन आतून दार उघडलं आणि गाव कापलं गेलं, असं सगळे सांगत. दारापाशी त्याच्या नावाचा एक काळा धोंडा होता. दसऱ्याला सोनं लुटायला निघालेला जो तो पायातली वहाण काढून त्या धोंड्याला हाणायचा आणि मगच पुढं जायचा. कडेवरच्या लेकरांच्या हातूनसुद्धा हाणून घ्यायचे.

"पुरावा काय?" सर विचारायचे. हा त्यांचा श्वासच होता. एकदा मी म्हटलं, "सर, अंगात ताप आहे तुमच्या." तर म्हणाले, "पुरावा?" थर्मामीटर डोळ्यांपुढं धरला तेव्हा कुठं पांघरूण घेतलं.

त्यांचं म्हणणं वेगळं होतं. गढीतली विहीर आटली होती, आत बायकापोरं तहानेनं तडफडत होती, ते बघवेना म्हणून येसाजीरावांनी दार उघडलं. हे ते एसटीच्या फाट्यावर सांगत, लग्नाच्या पंगतीत सांगत, माझ्याकडे इंजेक्शन घ्यायला आलेल्या बाईला सांगत. ती बिचारी दंड चोळत "व्हय सर, व्हय सर" करायची. गढीतली विहीर मात्र दगडमातीनं काठोकाठ बुजलेली. त्यामुळं खरंखोटं कळायला मार्ग नव्हता.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. गावच्या विहिरींचे तळ दिसू लागले. माणसं खडी फोडायला गेली, रेशनवर आलेल्या परदेशी लाल ज्वारीच्या, मिलोच्या भाकरी खाऊ लागली. सरांनी तालुक्याला खेटे घालून गढीची विहीर उपसायचं काम दुष्काळी कामात मंजूर करून आणलं. लोक पाण्याच्या आशेनं खणत होते आणि सर कोरड्या खडकाच्या. मला तसं म्हणालेही, "तळाला कोरडा खडक लागू द्या बाई, मग बघतो एकेकाला."

खडक लागला, पण कोरडा नव्हता. कपारीतून बोटाएवढी धार फुटली. खालून आरडाओरडा झाला, बायका घागरी घेऊन धावल्या. सरपंचांनी पहिला तांब्या सरांच्या हातात दिला.

"पयला घोट तुमचा, सर."

सर पाणी प्यायले. "गोड आहे," म्हणाले आणि घरी निघून गेले.

त्या उन्हाळ्यात सगळं गाव त्या विहिरीवर जगलं. सरांनी चावडीवर जाऊन स्वतःच सांगितलं, "असल्या दुष्काळात जी आटली नाही, ती तेव्हाही आटली नसणार. माझं म्हणणं चुकलं."

लोकांना वाईट वाटलं. सरपंच म्हणाले, "जाऊ द्या ना सर. तुमच्यामुळं पानी मिळालं. आजपासून आमी येसाजीरावच म्हनू."

"उपकाराची फेड म्हणून नको," सर म्हणाले. "खरं वाटलं तरच म्हणा."

त्यानंतर ते गप्प झाले. "पुरावा काय?" बंद झालं. मी मुद्दाम म्हणायची, "सर, आज भाजीत मीठ जास्त झालंय." ते नुसती मान हलवायचे. रामभाऊ दाढी करताना काहीही बोलला तरी निमूट बसून राहायचे.

न राहवून मी शेजारच्या हौसाबाईंना विचारलं, की मेलेल्या माणसासाठी सर एवढे का खचले?

"तुमाला ठावं न्हाई?" त्या म्हणाल्या. "सरांची बायकू, सुशी, त्याच येसूच्या वंशातली. तिला कुनी करून घेईना, सरांनी केली. पर दसऱ्याला सगळ्यांच्या आधी तीच वहाण हानायची. लई जोरात. लोकांनी बोट दावू नये म्हनून. सर लांब उभं ऱ्हायचे. शेवटच्या दसऱ्याला तिला उठवत नव्हतं, तरी माजा खांदा धरून गेल्ती."

त्या वर्षी पाऊस बरा झाला. दसऱ्याला मंडळी वाजतगाजत गढीपाशी आली, तर धोंड्यावर गुंजाळ सर बसलेले. धुतलेलं धोतर, काळी टोपी, हात मांडीवर. कुणाशी वाद नाही, बोलणं नाही. वाजंत्री थांबली. कुणीतरी मागून ओरडलं, "सर, उठा की!" सर उठले नाहीत. सरपंचांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, पायातली वहाण पायातच ठेवली आणि बाजूनं पुढं गेले. काही जण त्यांच्यामागं गेले. काहींनी लांबूनच जमिनीवर वहाण आपटली आणि पुटपुटत निघून गेले. हौसाबाई येताना सरांच्या हातावर आपट्याचं पान ठेवून आल्या.

अंधार पडायला लागला तरी सर आले नाहीत, म्हणून मी बोलवायला गेले. ते तसेच बसून होते.

"बाई, त्यानं पैसे खाल्लेही असतील," ते म्हणाले. "दार उघडलंही असेल. मी आता नाही म्हणत नाही. पण हिनं काय केलं होतं?"

मी हात पुढं केला. पाय बधिर झाले होते त्यांचे, उठायला बराच वेळ लागला.