चेनचं माहेरपण

खारवाडीच्या किनाऱ्यावर पर्यटकांना वाळूत फिरवणाऱ्या ज्या चार चाकांच्या क्वाड गाड्या आहेत, त्यांची चेन वर्षातून एकदा माहेरी जाऊ शकते. जाते ती न्हाऊन, तेल लावून. मळक्या अंगाने जात नाही, कारण तशी गेली तर माहेरचे लोक सासरला नावं ठेवतात, आणि चेनला ते आवडत नाही.

म्हणून खारवाडीत कोणी चेन धूत नाही.

यात कुणाला काही वावगं वाटत नसे. चेन कुरकुरायला लागली की गाडीवाले तिच्यावर वरूनच जळकं ऑइल ओतत. न धुता लावलेलं तेल न्हाण्यात धरलं जात नाही, तेव्हा चेनला निघता येत नसे. त्या ऑइलला वाळू चिकटे, वाळू कड्यांच्या सांध्यांत जाई, आणि चेन आणखी कुरकुरे. पण कुरकुर करणं वेगळं आणि निघून जाणं वेगळं.

वैजयंती आणि दिगंबर यांची लाल क्वाड होती. गाडी दिगंबर चालवी. बाकीचं म्हणजे गिऱ्हाइकांना हाका मारणं, हेल्मेटं पुसणं, रडणाऱ्या पोरांना गप्प करणं, संध्याकाळी गाडीचा खारट थर गोड्या पाण्याने धुणं, हे वैजयंतीकडे. गाडी धुताना ती चेनवर गोणपाट टाकी. चुकून आंघोळ घडायला नको.

शनिवारपासून जोडून सुट्ट्या होत्या. गुरुवारी सकाळी दिगंबरने गाडी चालू केली आणि चेन दात्यांवरून कट्कन घसरली.

"वैजू, ऑइल घाल गं थोडं," तो म्हणाला आणि चहा प्यायला गेला.

वैजयंती कॅन घेऊन वाळूत गुडघ्यांवर बसली. गुडघेही कट्कन वाजले. तिने कॅन तिरका केला, तेवढ्यात चेन म्हणाली, "ताई, वरून नका ओतू."

चेन फारसं बोलत नसे, त्यामुळे वैजयंती थांबली.

"आत सगळी वाळू आहे," चेन म्हणाली. "शनिवारी माणसं डबल सीट बसतील, टेकाडावरून उड्या मारायला लावतील. मी तुटेन. मुद्दाम नाही तुटणार, पण तुटेन."

तुटलेली चेन काय करते हे वैजयंतीला ठाऊक होतं. पलीकडच्या किनाऱ्यावर एकीने बसलेल्या पोराची पोटरी फाडली होती.

"तुला शेवटचं माहेरी कधी पाठवलं गं?"

"पाठवलंच नाहीत कधी."

वैजयंतीने कॅन खाली ठेवला. ती स्वतः शेवटची माहेरी गेली होती तेव्हा तिची मुलगी दहावीत होती. आता त्या मुलीचंच लग्न झालं होतं. दर दिवाळीत आईचा फोन यायचा, "येतेस का?" आणि वैजयंती म्हणायची, "सीझन आहे गं आई."

ती उठली. घरातून डिझेलचा डबा, जुना टूथब्रश आणि फाटक्या बनियनच्या चिंध्या घेऊन आली. गाडीची मागची बाजू लाकडी ठोकळ्यावर चढवली, गिअर न्यूट्रल केला आणि एका हाताने चाक हळूहळू फिरवत दुसऱ्या हाताने एकेक कडी घासायला लागली. काळं डिझेल गळू लागलं. त्यात वाळू होती, शिंपल्यांचा चुरा होता, कुणाच्या तरी गॉगलचा स्क्रू होता. मधूनमधून एखादी आखडलेली कडी सुटायची, तेव्हा चेन सुस्कारा सोडायची.

दिगंबर चहा पिऊन आला आणि जागीच थांबला.

"अगं ए! तिला आंघोळ घालतेयस?"

"हो."

"आज? परवा माणसं येतायत, वैजू!"

"म्हणूनच."

एवढ्यात नारू आला. नारू दिगंबरचा चुलतभाऊ आणि गाडीवाल्यांच्या समितीचा अध्यक्ष. कुठली गाडी कितव्या नंबरवर गिऱ्हाईक घेणार ते तोच ठरवी. त्याने वाकून चेन बघितली. ती आता चंदेरी दिसत होती. खारवाडीत चेनचा मूळ रंग बघितलेली माणसं फार नव्हती.

"वहिनी, नियम माहीत आहे ना?" नारू गंभीरपणे म्हणाला. "चेन माहेरी गेली की गाडीचा नंबर शेवटचा. ती परत आली तरी अख्खा सीझन शेवटचा."

दिगंबर वाळूत पडलेल्या जुन्या टायरवर बसला. शेवटच्या नंबरच्या गाडीपर्यंत गिऱ्हाईक येईतो भरती येते, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"मागच्या वर्षी तुमची सीमा गेली होती माहेरी," वैजयंती चिंधीने चेन कोरडी करत म्हणाली. "तेव्हा तुमचा नंबर नाही ढकलला कुणी, भावोजी."

"ते वेगळं. बायको गेली तर खानावळीतून डबा येतो. चेनचा डबा येतो का कुठून?"

"मी म्हणते, तुटली तर?"

"तुटली तर नवी बसवू. नवी बसवली तर नंबर जात नाही. तसा नियमच आहे."

दिगंबरने एकदा चेनकडे बघितलं, एकदा बायकोच्या काळ्या झालेल्या हातांकडे बघितलं आणि मग समुद्राकडे बघत राहिला.

वैजयंतीने चांगलं तेल घेतलं. चाक फिरवत, आतल्या बाजूने, प्रत्येक सांध्यावर थेंब थेंब सोडलं. मग हात पुसून बसली.

"आता काय?" नारूने विचारलं.

"मुरू दे. मग वरचं पुसायचं. नाहीतर परत वाळू धरते."

"बरं, आणि पोचवायला कोण जाणार?" नारूने शेवटचा मुद्दा काढला. "माहेरवाशीण एकटी जात नाही. सासरचं माणूस सोबत लागतं. दिगू गाडी सोडून हलणार नाही."

"मी जाते," वैजयंती म्हणाली.

हे कुणी धरलंच नव्हतं. दिगंबर टायरवरून उठला, परत बसला.

"मग माझं जेवण?" त्याने विचारलं.

"खानावळीतून डबा येतो म्हणे," वैजयंती म्हणाली.

नारू नंबर बदलायला निघून गेला. दिगंबर घरात गेला आणि थोड्या वेळाने पिशवी घेऊन आला. पिशवीत वैजयंतीच्या दोन साड्या होत्या. एक परकर राहिला होता, पण साड्या घडी करून ठेवल्या होत्या. मग त्याने स्वतःच पाना घेतला, चेन सोडवली आणि धुतलेल्या फडक्यात गुंडाळून बायकोच्या हातात दिली.

"येते हं," चेन म्हणाली.

"या," दिगंबर म्हणाला. दोघींना मिळून म्हणाला.

एसटीत कंडक्टरने फडक्याकडे बोट दाखवलं. "ही कोण?"

"माहेरी चाललीय."

"मांडीवर घ्या, तिकीट लागणार नाही."

घाट चढून गेल्यावर चेनचा स्टॉप आला. ती जिथे बनली तो कारखाना रस्त्यालगतच होता. आता तिथे मंगल कार्यालय झालं होतं. दारात केळीचे खांब लावले होते आणि आत बँड वाजत होता. चेनने फडक्यातून बघितलं. बस बराच वेळ उभी होती.

"उतरायचं?" वैजयंतीने विचारलं.

"बसा ताई," चेन म्हणाली. "पुढेच जाऊ."

वैजयंतीच्या आईला आता दारात फार वेळ उभं राहवत नसे, तरी ती उभी होती. तिने दोघींवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. सोबत कोण आलंय हे तिने विचारलं नाही. चेनला पाटावर ठेवलं, सांधे एकेक करून बोटांनी हलवून बघितले.

"नीट धुतलंयस," ती म्हणाली. "हिला आता नुसतं पडू दे. तू ये इकडे."

वैजयंती तिच्यासमोर जमिनीवर बसली. "मला थोडं तेल लाव गं डोक्याला. बाकी काही नको."

आईने कोमट तेलाची वाटी जवळ ओढली, पण त्यात बोट बुडवलं नाही. तिने लेकीचा हात हातात घेतला आणि मधलं बोट हळूच दुमडलं. ते कुरकुरलं. सांध्यातून ओली काळी वाळू निघाली आणि खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर पडली.

आईने दुसरं बोट दुमडलं. तिथूनही पडली. मग मनगट. मग कोपर.

"वरून नाही लावत मी," आई म्हणाली. "ब्रश आणलायस ना तुझा?"

वैजयंतीने पिशवीतून चेन घासलेला तोच जुना टूथब्रश काढून दिला.

अंधार पडायच्या सुमारास दिगंबरचा फोन आला. आईने तो खांद्याने कानाशी धरला, कारण तिचे हात भरले होते.

"अहो, कधी येतायत दोघी?"

"अजून धुणंच चाललंय," आई म्हणाली. "खांद्यापर्यंत आलेय. मग तेल लावायचं. मग ते मुरायला पाहिजे."

तिने फोन बाजूला ठेवला. पाटावर चेनला गाढ झोप लागली होती. आईने वर्तमानपत्र उचललं, वाळू अंगणात झटकली आणि नवीन पान पसरलं.