कासवंडीची हजेरी

त्या वर्षी विद्यापीठाच्या पर्यावरणशास्त्र विभागात एम.एस्सी.ला कासवंडी नदीने प्रवेश घेतला. प्रवेश परीक्षेत ती दुसरी आली होती. कागदपत्रं ओली असली तरी वाचता येत होती, आणि नदीला घेऊ नये असा नियम कुठेच नव्हता. विभागप्रमुख डॉ. सरनोबतांनी तिला खिडकीकडची बाजू दिली. बाकीच्यांचे पाय भिजू नयेत म्हणून शिपायाने वर्गात विटा मांडल्या.

पहिली आली होती हेमांगी बुरांडे. बी.एस्सी.लाही तीच पहिली होती. सरनोबत सर तिचा नकाशा वर्गभर फिरवायचे आणि म्हणायचे, नकाशा काढावा तर असा. त्या एका वाक्यासाठी हेमांगी आपले सगळे रविवार खर्ची घालायची. एम.एस्सी.च्या प्रबंधाचा विषयही तिने सरांशी बोलून आधीच ठरवला होता: कासवंडीचं खोरं. उगमापासून संगमापर्यंत नदीचा काठ न् काठ ती उन्हाची टोपी घालून चालली होती. पण वर्गात दोघी पहिल्यांदा समोरासमोर आल्या तेव्हा कासवंडी एवढंच म्हणाली, "तू ती टोपीवाली ना?"

हेमांगीला ते फार लागलं.

मग नागमोडी वळणांचा तास झाला. नदी वळणं का घेते, असं सरांनी विचारलं. हेमांगीने उतार, वेग, गाळ सगळं घडाघडा सांगितलं. सर "बरोबर" म्हणाले आणि खिडकीकडे वळले.

"तुमचं काय म्हणणं?"

कासवंडी म्हणाली, "सर, सुरुवातीला एखादा दगड आडवा येतो. आपण बाजूला होतो. मग ते अंगवळणी पडतं."

सरांनी खडू खाली ठेवला. उरलेला तास ते तिच्या काठाशी उभे राहून ऐकत होते. त्या दिवशी हेमांगीने दिलेला नवा नकाशा टेबलावरच राहिला आणि संध्याकाळी शिपायाने तो कपाटात टाकला.

तेव्हापासून हेमांगीला एकेक गोष्ट खुपू लागली. सर तिला 'तू' म्हणायचे आणि नदीला 'तुम्ही'. मधल्या सुट्टीत सर चहाचा कप घेऊन नदीकडे जायचे. शेजारच्या बाकावरची नाझनीन तिची समजूत घालायची, की अगं, ती नदीच आहे, तिला नदी कळणारच. मग परीक्षा कसली घेतात, असं हेमांगी विचारायची. एकदा हेमांगीने पेन्सिलीला टोक काढून भुगा मुद्दाम पाण्यात टाकला. कासवंडीने तो वाहून नेला.

पहिल्या सत्राचा निकाल लागला. कासवंडी पहिली, हेमांगी दुसरी.

शिमग्याच्या सुमाराला मात्र कासवंडीचं पाणी उतरू लागलं. आधी तिचा आवाज गेला, मग धार गेली. चैत्रात खिडकीखाली नुसती वाळू उरली. सर हजेरी घेताना तिचं नाव पुकारायचे, थोडं थांबायचे आणि पुढच्या नावाकडे जायचे. विद्यापीठाचा नियम साफ होता: हजेरी कमी भरली तर परीक्षेला बसता येत नाही. हेमांगीने तसा अर्ज केला. कुणीही तिला नावं ठेवली नाहीत, कारण अर्जातलं अक्षर न् अक्षर खरं होतं.

चौकशी वर्गातच झाली. परीक्षा विभागातून कानिटकर नावाचे अधिकारी आले होते. त्यांनी वाळूभोवती एक फेरी मारली आणि विद्यार्थिनी गैरहजर दिसते असं मत दिलं. सरनोबत सर म्हणाले, नदी आटली म्हणजे गेली असं होत नाही, ती वाळूखाली असते. कानिटकरांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. असेल तर दाखवा, म्हणाले.

सरांनी बाह्या सरसावल्या आणि पात्राच्या मधोमध वाळू उपसायला घेतली. कोपरापर्यंत हात गेला तरी वाळू कोरडीच. ते थोडं सरकले, पुन्हा उपसू लागले. त्यांचा चष्मा घामाने घसरत होता. हेमांगीच्या मनासारखंच सगळं चाललं होतं. तिने फक्त गप्प बसायचं होतं.

पण सर खणत होते ती जागा चुकीची होती, आणि ते तिला बघवेना. जी नदी त्यांनी कधी चालून पाहिली नव्हती, तिच्यात ते आपली असल्यासारखा हात घालत होते.

"तिथे नाही, सर," ती म्हणाली. "उठा तुम्ही."

ती विटांवरून पलीकडे गेली. भिंतीपाशी पात्र जिथे वळत होतं, तिथे वळणाच्या बाहेरच्या अंगाला ती गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी झिरा उकरू लागली. वाळू आधी गार लागली, मग ओली. मग तळाशी बोटभर पाणी जमलं आणि हळूहळू निवळलं.

कानिटकरांनी वाकून पाहिलं. त्यांनी कासवंडीचं नाव मोठ्याने पुकारलं.

"हजर," झिऱ्यातून आवाज आला. आणि मग अगदी हळू, हेमांगीपुरतं, "तुझी नखं दुखावली का गं?"

हेमांगीने नाही म्हणून मान हलवली.

अर्ज निकाली निघाला, हजेरी मागल्या तारखांपासून भरून देण्यात आली, आणि अभ्यासक्रम संपला तेव्हा कासवंडी पहिली आली, हेमांगी दुसरी. शेवटच्या दिवशी विभागासमोर फोटो काढायचा होता. नदी तेव्हा चांगली भरून वाहत होती, त्यामुळे बाकीचे पायऱ्यांवर उभे राहिले. हेमांगी तिच्या अगदी काठाला, पोटऱ्यांपर्यंत पाण्यात उभी होती. सरनोबत सर पँट दुमडून दोघींच्या मध्ये यायला निघाले.

हेमांगी जागची हलली नाही. सर पायऱ्यांकडे वळले आणि नाझनीनच्या शेजारी जाऊन उभे राहिले.