लेव्हल ज्येष्ठतेनुसार

बंड झालं ते समोसे संपल्यावर. त्याआधी नाही, बंडखोर तेवढे व्यवहारी होते.

"दो महीने से चूहे मार रहे हैं हम," अभिनव बोटं चाटत म्हणाला. हा ज्ञानदाचा मावसभाऊ. मराठी सगळं समजून घ्यायचं आणि उत्तर हिंदीतच द्यायचं, हे त्यानं बहुधा पाळण्यातच ठरवलं होतं. "और लेव्हल? अभी भी एक!"

रायपुरातल्या तेलीबांध्याच्या ज्ञानदाच्या फ्लॅटमध्ये दर रविवारी हा खेळ रंगायचा. प्रत्येकानं एक वीर व्हायचं, फासे टाकायचे, राक्षस मारायचे. गोष्ट सांगणार, संकटं आणणार आणि वीरांना एका लेव्हलवरून दुसरीवर चढवणार ती एकटी ज्ञानदा. लेव्हल चढली की ताकद वाढते, आणि ताकद कष्टानंच मिळायला हवी असं तिचं ठाम मत होतं. अकरावीत गेल्यापासून तिची सगळीच मतं ठाम होती. पर्वतावरच्या गुहेत तिचा लाडका ड्रॅगन झोपला होता. तिच्या चालीनं वीर तिथे पोचेपर्यंत त्यांची पेन्शन सुरू झाली असती.

"मी म्हणे चेटकीण," तिची मैत्रीण मीनल फणकारली. "अन् मले अजून नुसती मेणबत्ती पेटवता येते! त्या भार्गवच्या घरी पण हाच खेळ चालते, तिथं दर रविवारी एक लेव्हल भेटते. पुढच्या वेळी मी तिकडेच चालली."

"तो प्रसादासारख्या वाटतो लेव्हली!" ज्ञानदा म्हणाली. " तिथले वीर दहाव्या लेव्हलवर, अन् अक्कल बालवाडीत."

"चालेल मले."

"मुझे भी," अभिनव म्हणाला.

ज्ञानदाला वाटलं, खेळाडूच गेले, तर इतक्या प्रेमानं वाढवलेल्या ड्रॅगननं काय भिंतींवर आग ओकायची?

तेवढ्यात चौथ्या खुर्चीतून खाकरल्याचा आवाज आला. खुर्चीत बाबा होते. श्यामकांतराव नव्या रायपूरच्या एका सरकारी कार्यालयात इतरांच्या बढत्या-बदल्या सांभाळायचे. गडी कमी पडला म्हणून लेकीनं त्यांना लढवय्या केलं होतं. हा लढवय्या तलवार उपसण्याआधी 'वरून मंजुरी आहे ना?' असं विचारायचा.

"काहून भांडून राहिले पोट्टे हो? याचा नियम ठरलेला असते. ज्येष्ठता! जो जितका जुना, त्याले तितकी बढती. काम पाहायचं नाही, गुण पाहायचे नाही. कोणाचं मन दुखत नाही."

"आणि वीर बिनकामाचे निघाले तर?"

"त्याचा अन् बढतीचा काय संबंध?" बाबांना प्रश्नच कळला नाही.

खेळ वाचवायचा होता. ज्ञानदानं मन घट्ट केलं आणि सगळ्यांना एकदम पाचव्या लेव्हलवर बसवलं. कोणीच भार्गवकडे गेलं नाही. पुढच्या रविवारी वीर दरीच्या काठावर येऊन उभे राहिले.

"पलीकडे गुहा आहे," ज्ञानदा उत्साहानं म्हणाली. "दरीत पहिलं कोण उतरतं?"

कोणीच उतरेना.

"पाचवी लेव्हल म्हणजे अधिकारी," बाबा म्हणाले. "अधिकारी दरीत उतरत नसते. मीनल, तू जाऊन पाहणी करून ये."

"मी पण पाचवीच आहे ना काका! मी काहून जाऊ?"

"अभिनव, तू जा."

"हम तो आपसे सीनियर हैं, मौसाजी. आप बाद में आए थे खेल में."

बाबांचा चेहरा पडला. स्वतःच्याच नियमानं ते सर्वांत कनिष्ठ ठरत होते! मग कोण कोणाला हुकूम देऊ शकतो यावर जी चर्चा पेटली, तिच्यात चहाच्या दोन फेऱ्या झाल्या. ज्ञानदानं डाकू पाठवले, तर वीरांनी त्यांना थांबायला सांगितलं. शेवटी तिनं वैतागून ड्रॅगनलाच गुहेबाहेर काढलं.

"आला! तीनशे वर्षांचा ड्रॅगन तुमच्यासमोर आला! आता तरी लढा!"

"थांब," बाबा म्हणाले. "तीनशे वर्षं? एकाच गुहेत? बढती नाही?"

"नाही. ड्रॅगन आहे तो, बाबा."

"म्हणजे आपल्या सगळ्याइत सीनियर हेच!" बाबा खुर्चीतून अर्धवट उठलेच. "नमस्कार, साहेब."

'तो जाळून टाकेल तुम्हाला,' असं ओरडायला ज्ञानदानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ड्रॅगनच्या वतीनं बोलतं कोण? तीच! तिनं आवाज खर्जात नेला.

"बसा."

सगळे बसलेलेच होते. तरी सावरून बसले.

"तुमच्या बढत्या नियमबाह्य आहेत. रद्द. आजपासून सगळे पहिल्या लेव्हलवर."

"अगं, पण..." मीनल उसळली.

"वरचा आदेश आहे, मीनल," बाबांनी तिला दटावलं आणि स्वतःची लेव्हल स्वतः खोडली.

"मंग मी भार्गवकडे चालली!"

"बदली?" ड्रॅगन म्हणाला. "अर्ज वरिष्ठांमार्फत यायला हवा."

"वरिष्ठ कोण?"

"मी."

मीनलनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी खेदानं मान हलवली. नियम खरोखरच तसा होता.

थोड्या वेळानं बाबांनी भीत भीत विचारलं, "साहेब, आमची पुढची बढती?"

"फाइल वर गेली आहे."

"ऊपर किसके पास?" अभिनवनं विचारलं. "सबसे ऊपर तो आप ही हो!"

"चूप रे!" बाबांनी त्याच्या गुडघ्यावर चापट मारली. "असं विचारत नसते!"

आता ते अधिकारी उरले नव्हते आणि साहेब समोरच होते. त्यांनी फासे उचलले, मंजुरी न मागता तलवार उपसली आणि सगळ्यांच्या आधी दरीत उतरायला निघाले.