निळ्या ड्रमाभोवती पाच लिंबं

धोका कोणता हे सरकार ठरवतं. भ्यायचं कशाला, हे मात्र माणूस घरी शिकतो. या दोन खात्यांचा आपसात काहीही पत्रव्यवहार नाही आणि तरीही देश सुरळीत चाललाय, ही केवढी कौतुकाची गोष्ट!

सरकारच्या बाजूने कसूर म्हणाल तर शोधून सापडायची नाही. कारखान्यातला विषारी कचरा सार्वजनिक रस्त्याने न्यायचा तर गाडीवर पाटी हवी, पाटीवर कवटी हवी आणि कवटीखाली दोन हाडं हवीत (आडवी-तिडवी, सरळ हाडं ग्राह्य धरली जात नाहीत). कचऱ्याच्या नोंदीच्या रंगीबेरंगी प्रती हव्यात. रिकामा ड्रम पुन्हा कोणाच्या वापरात जाता कामा नये. हे सगळं गोविंदला तोंडपाठ होतं. तो रसायनशास्त्राचा एम.एस्सी., नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका वाहतूक कंपनीत सुरक्षा अधिकारी. प्रत्येक गाडीबरोबर तो स्वतः जायचा. नियमात तसं कुठे म्हटलेलं नव्हतं, त्याच्या स्वभावातच होतं.

त्या शनिवारी नाशिक रोडच्या अलीकडे एका तिठ्यावर गाडी खड्ड्यात आदळली, मागचा फाळका उघडला आणि एक निळा ड्रम रस्त्यावर आडवा झाला. आत धातूला मुलामा चढवणाऱ्या प्लेटिंगच्या कारखान्यातला आम्लाचा गाळ. झाकणापाशी चीर गेली आणि हिरवट धार डांबरावर आली. कुणी हात लावला असता तर त्याचा हात पोळला असता आणि गोविंदची नोकरी गेली असती.

कंपनीचं आपत्कालीन पथक यायला वेळ होता. तेवढ्यात गर्दी जमली. कवटी दिसली म्हणून लोक आणखी जवळ आले. (कवटी पाहून मागे सरलेल्यांचं प्रमाण शून्य टक्के. एक कुत्रं निघून गेलं, पण त्याला वाचता येत नसल्याने ते धरलेलं नाही.)

"मागे व्हा! आम्ल आहे!" गोविंद ओरडला.

"किती टक्के?" एका गृहस्थांनी विचारलं. हे देवव्रत, समोरच्या सोसायटीतले इंजिनिअर.

कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या सुमनबाईंनी ड्रमाकडे डोळे भरून पाहिलं. "दादा, माल सांडला तं सांडू द्या. पण ड्रम लय भारी हाय. रिकामा झाला का मला द्या, पाण्याला होईल."

"अहो मावशी, विष आहे त्यात!"

"मंग धुऊन घेईन ना मी!" असं म्हणून त्या हात पुढे करून निघाल्यासुद्धा.

आणि मध्येच थबकल्या. ड्रमाबरोबर गाडीमागची लिंबू-मिरचीही तुटून पडली होती. ड्रायव्हर लखनने ती शनिवार म्हणून सकाळीच बांधली होती.

"अगं बाई! कुणाचं पडलं हे?" सुमनबाई झरझर मागे फिरल्या. देवव्रतही सरकले. "मी असलं काही मानत नाही," ते म्हणाले, "पण उगाच कशाला?"

गोविंदच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्याने सुमनबाईंच्याच टोपलीतली सहा लिंबं घेतली, शेजारच्या पूजासाहित्याच्या दुकानातून कुंकू आणलं, पाच लिंबं कापून कुंकवात बुडवली आणि ड्रमाभोवती मांडली. उरलेलं एक परत द्यायला गेला तर सुमनबाई किंचाळल्या, "नको, नको! तुमच्यापाशीच राहू द्या!" त्याने ते खिशात टाकलं.

तिठा ओस पडला. रिक्षा, सिटी बस, स्कूटी, सगळे ओळीने वळसा घालून जाऊ लागले. कुणी हॉर्नसुद्धा वाजवेना. नोकरीत आजवर लावलेल्या साऱ्या पाट्या आठवून गोविंदला भरून आलं.

मग पथक आलं. गमबूट, कोपरापर्यंत हातमोजे, तोंडावर मुखवटे. आम्लात उभं राहण्याचं प्रमाणपत्र प्रत्येकाच्या खिशात. पथकप्रमुख महेश तरातरा चालत आला आणि लिंबापाशी उभा राहिला.

"साहेब, हे आमच्या ट्रेनिंगमध्ये नाही."

"अहो, मीच ठेवलंय ते!"

"मग तुम्हीच उचला. माझ्या बायकोला सातवा महिना लागलाय."

गोविंद हसला. वाकला. हात पुढे केला. तेवढ्यात त्याला आठवलं, वल्लरीचा, म्हणजे त्याच्या लेकीचा, सोमवारी दहावीचा पहिला पेपर आहे. हात तिथेच राहिला. तो असलं काही मानत नव्हता. पण उगाच कशाला?

शेवटी क्रेन आणून ड्रम वरच्या वर उचलण्यात आला. लिंबांना धक्का लागला नाही. अहवालात 'इजा : निरंक' असं लिहिलं गेलं आणि कंपनीने खूश होऊन परिपत्रक काढलं. यापुढे प्रत्येक गाडीत पाच लिंबं (डागविरहित) व पुरेसं कुंकू ठेवावं. वापरलेली लिंबं धोकादायक कचरा समजून वेगळ्या गाडीने न्यावीत. त्या गाडीत पाच लिंबं ठेवावीत.

संध्याकाळी गोविंद घरी आला, तर बाथरूमच्या दाराशी निळा ड्रम. काठोकाठ भरलेला. "उद्यापासून पाणीकपात आहे ना," त्याची बायको उत्तरा म्हणाली, "बाजारात अगदी स्वस्तात मिळाला." ड्रमावरचं लेबल खरवडलेलं होतं. कवटीचा एक डोळा तेवढा शिल्लक होता.

"अगं, ओत ते पाणी आधी! आम्लाचा ड्रम आहे हा!"

"दोनदा धुतलाय साबणाने."

त्याने जड धातू सांगितले. प्लास्टिक ते कसं शोषून घेतं हे सांगितलं. त्वचेचे रोग सांगितले. "तुझं आपलं नेहमीचंच," उत्तरा म्हणाली. वल्लरी टॉवेल आणि तांब्या घेऊन आलीसुद्धा.

गोविंदने देवघरातलं कुंकू आणलं, खिशातलं लिंबू कापलं आणि उत्तराच्या देखतच ड्रमाच्या झाकणावर ठेवलं.

तिची किंकाळी शेजारच्या बिल्डिंगपर्यंत गेली. कुणी ठेवलं हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं, पण त्याने काही फरक पडत नाही. ड्रम काठीने ढकलत, घरंगळत फाटकाबाहेर काढण्यात आला. पाणी रस्त्यावर गेलं, लिंबू गटारात गेलं. वल्लरीने नळाखाली बादली लावली आणि गोविंदचा जीव भांड्यात पडला.

सकाळी ड्रम जागेवर नव्हता. लिंबू आधीच पडून गेल्यामुळे नेणाऱ्याला भिण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

आपल्याही गच्चीवर किंवा बाथरूममध्ये निळा ड्रम असेलच. वाचकांनी एकदा उठून तो नीट पाहून यावा. त्यावर लिंबू नसेल, तर काळजीचं काही कारण नाही.