सिस्टरनं धरलेला हात

आमच्या कॉलनीतल्या सुमन सिस्टरना काही सांगायला गेलं, की त्या आधी तुमचा हात धरतात. प्रेमानं नव्हे, नाडी बघायला. लाल फ्रिज घ्यावा की राखाडी, म्हणून देशमुख काकू दोन कंपन्यांच्या किमतींची तुलना ऐकवत होत्या, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "लाल म्हनलं की तुमची नाडी धावते. मंग किमती कावून सांगून राहिल्या मले?" काकूंनी लाल घेतला. अजून मस्त चालतो.

सिस्टर तेल्हाऱ्याकडच्या खेड्यांत तीस वर्षं सरकारी नर्स होत्या. आता अमरावतीत, आमच्या शेजारी एकट्या राहतात. दिवस भरलेल्या बायांचे नवरे सांगायचे, "बाई ठणठणीत हाय," आणि या चिखल तुडवत घरी जाऊन बघायच्या, तर बाई दोन दिवस कळा देत पडलेली. तेव्हापासून त्यांचा ऐकीव गोष्टींवर विश्वास नाही. "ताप अंगात असते," त्या म्हणतात, "तोंडात नाही."

माझ्या हातात एकाच आठवड्यात नोकरीची दोन पत्रं आली. एक बँकेत अधिकारी म्हणून, दुसरं पुण्याच्या एका कन्सल्टिंग कंपनीचं. बाबा म्हणाले, बँक म्हणजे बँक. चुलतभाऊ म्हणाला, बँकेत बुरशी चढेल तुला. मी चार दिवस जेवले नाही धड. शेवटी सिस्टरांकडे गेले. त्यांनी मनगट धरलं.

"बँक," त्या म्हणाल्या. थांबल्या. "कन्सल्टिंग." पुन्हा थांबल्या. "दोन्हीले सारखीच धडधड. तू निवडून नाही राहिली वं, भेऊन राहिली. चाल, पाहून येऊ."

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं अकोल्याला. त्याच बँकेच्या तिथल्या शाखेचा मॅनेजर टक्कल पडलेला, पोट सुटलेला गृहस्थ. सिस्टरना बघून तो ताडकन उभा राहिला. "माह्या हातचा हाय," त्यांनी सगळ्या शाखेला ऐकू जाईल असं सांगितलं, "उलटा आलता." बिचाऱ्यानं मुकाट्यानं आम्हाला बाकावर बसू दिलं. दिवसभर बसलो. पासबुकाचं मशीन अडकलं, सर्व्हर गेला, एकजण विनाकारण भांडून गेला. तीनपर्यंत मला जांभया यायला लागल्या. तेवढ्यात पेन्शनसाठी एक म्हातारी आली. तिच्या अंगठ्याचा ठसाच मशीन घेईना. माझ्याच वयाच्या एका अधिकारी मुलीनं ओल्या रुमालानं तिचा अंगठा पुसला, फुंकर मारून वाळवला, पुन्हा ठेवला. चौथ्यांदा उठला.

दोन दिवसांनी शेंदूरजनाघाट. तिथं संत्र्याच्या एका पॅकिंग शेडमध्ये त्या पुण्याच्या कंपनीची तीन पोरं काम करत होती. शेडच्या मालकीणबाईही अर्थातच सिस्टरांच्या ओळखीच्या. काय पोरं होती! प्रत्येक संत्रं उगीचच सहादा हाताळलं जातं, हे त्यांनी शोधलं होतं. खडूनं जमिनीवर रेघा मारून त्यांनी अख्खी शेड नव्यानं मांडली. मीही बाह्या सरसावून क्रेट ओढू लागले. इतकी मजा मला कॉलेजात कधी आली नव्हती.

"हंगाम संपल्यावर बघायला याल ना, किती फरक पडला ते?" मी विचारलं.

"तोवर दुसरं प्रोजेक्ट," त्यातली मुलगी हसून म्हणाली.

परतीच्या बसमध्ये सिस्टर संत्री सोलून फोडी देत राहिल्या. मोर्शीला बस थांबली तेव्हा मीच बोलले.

"सिस्टर, ती पोरं लय हुशार आहेत. पण मला त्या आजीचा अंगठा पुढच्या महिन्यात उठतो की नाही, ते बघायचंय. बँक."

त्यांनी माझा हात धरला. घड्याळाकडे मात्र पाहिलं नाही.

"माह्यासाठी तं नाही ना? मी एकटी हाय, पुणं लांब पडते म्हनून?"

"नाही."

"खरं सांग."

"बँक मला कुठंही फेकेल, सिस्टर. आसामलासुद्धा."

त्यांनी हात सोडला. "माहा पाय मोडला तवा लतानं, माह्या लहान बहिनीनं, नागपूरची नोकरी सोडली. तुह्याजवळ राहतो म्हने. मले 'नको' म्हनता आलं असतं. पन बरं वाटलं ना वं, म्हनून राहू देलं. मंग तिले तशी नोकरी भेटलीच नाही. अकरा वर्सं झाली, बोलत नाही माह्याशी."

"कुठं असतात त्या?"

"अकोल्याले. परवा आपन बसलो ना, तिथून दोन गल्ल्या."

ट्रेनिंग संपल्यावर मला मिळाली ती शाखा नेमकी अकोल्याचीच. निघताना सिस्टर फाटकापर्यंत आल्या. माझ्या हातात पत्ता लिहिलेला कागद दिला आणि दुसरीकडे बघत म्हणाल्या, "कधी गेली त्या बाजूनं, तं कशी दिसते तेवढं सांगजो."

पहिल्याच रविवारी गेले. दार उघडलेल्या बाईंचं नाक थेट सिस्टरांचं होतं. सिस्टरांकडून आलेय म्हटल्यावर त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. आत बोलावलं नाही, दारही लावलं नाही. मी जायला वळले तेव्हा मागून आवाज आला, "जेवते का ती वेळेवर?"

मी जिन्यातूनच सिस्टरांना फोन लावला. त्यांना एवढंच सांगितलं.

"जेवते म्हनाव," सिस्टर म्हणाल्या. "जाय, वापस वर जाय आन् सांग तिले."