चौसष्ट नावांची मंगलाष्टकं

"पैसे?" सावळीरामकाकांनी चहाची बशी खाली ठेवली. "अगं दीपमाला, कलेचे कोन पैसे घेतं? सरस्वती रुसंल."

"बँडवाल्याला ऐंशी हजार दिले तुम्ही. त्याची नाय रुसली?"

"तो पंधरा माणसं आनतो. तुला तर बसल्या बसल्या सुचतं."

पिंपळगावात काकांचे बारा टेम्पो. थोरल्या रविराजचं लग्न ठरलेलं. दीपमाला दिवसभर द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये उभी राहून घड निवडायची आणि जेवणाच्या सुटीत मंगलाष्टकं लिहायची. नऊ लग्नांत लिहून, स्वतः गाऊन तिने कमावले होते नऊ नारळ. या वेळी पाच हजार घेणारच, दहावा नारळ घरात आणणार नाही, असं तिने आईला ठणकावून सांगितलं होतं.

"नाव होईल तुझं," काकांनी विषय संपवला. "आन् आपल्या पाहुन्यांची नावं घाल."

यादीत अकरा नावं होती. ते कळताच वणीचे साडू फुगले. त्यांना घेतलं, तर विंचूरच्या आत्या फुगल्या. लग्नापर्यंत यादी चौसष्टवर गेली.

"एक जरी गळलं ना, तर तो मानूस न जेवता जाईल," काकांनी बजावलं.

दीपमालाने एकही गाळलं नाही.

मुहूर्त बारा सव्वीसचा. बारा वीसला अक्षता संपल्या आणि वऱ्हाड नुसत्या टाळ्यांवर आलं. अंतरपाट धरणारे दोनदा बदलले. रविराजने हार या हातातून त्या हातात घेतला. गुरुजी घड्याळाकडे बोट दाखवत होते.

टाळ्यांच्या गलबल्यात काका तिच्या मागे आले. "अजून किती?"

"एकवीस माणसं. वणीचे साडू बघा, आत्ताच ताठ होऊन बसलेत. कोनाला कापू?"

"कापू नको बाई! सगळ्यांना एकाच ओळीत बसव!"

"ते नवीन काम झालं. पाच हजार."

बारा चोवीस. काकांनी दात खात खिशातलं बँडवाल्याच्या उरलेल्या पैशांचं पाकीट काढलं आणि त्यातल्या पाचशेच्या दहा नोटा तिच्या वहीत सारल्या.

दीपमालाने माईक सरळ केला.

"आले जे जवळून, दूरवरुनी, होवोत सारे सुखी! कुर्यात् सदा मंगलम्!"

बारा सव्वीसला बँड वाजला.

पंगतीत वणीचे साडू जिलबी मोडत म्हणाले, "शेवटची ओळ लय भारी, साडूभाऊ! आधीचं जरा फुकटातलं वाटत होतं."

काका वाढायच्या निमित्ताने दीपमालाच्या पानापाशी वाकले.

"पुढच्या साली धाकट्याचं हाय. नुसती शेवटची ओळ केवढ्याला?"

"दहा हजार," दीपमाला म्हणाली. "आन् काका, मठ्ठा वाढा."